कोणीच बसणार नाही अशी बैठकीची जागा कशी बांधावी

गावात चार माणसांना बसायला जागा पाहिजे, असं कोणी म्हणालं तर त्या चार माणसांना मात्र विचारू नका. विचारलं की ते बोलतात, बोलले की ऐकावं लागतं. ग्रामसभेचं टेन्शन घेऊ नका. गणपूर्तीला एकूण मतदारांचे १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. सभा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत सकाळी ११ ला ठेवा, तेवढी येतच नाहीत. मग तहकूब करा. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. झाला लोकसहभाग.

आता जागा. लोक सध्या जिथे बसतात ती आधी बाद करा: हातपंपाजवळचा कडुनिंब, गिरणीसमोरचा ओटा, रपट्याचा कठडा. तिथे सावली आहे, वारा आहे, वावरातून येणारा माणूस लांबून दिसतो, म्हणजे तुमच्या निधीला तिथे कामच उरत नाही. सभामंडप सरळ देवळासमोर घ्या. एका वस्तीतल्या लोकांना तिथे पाय ठेवताना आजही दहादा विचार करावा लागतो. ते आपणहून येणार नाहीत, आणि फलकावर ‘सर्वांसाठी खुले’ लिहायला तुम्ही मोकळे. शेजारी पानठेला असेल तर सोन्याहून पिवळं. खर्रा घोटणाऱ्या पोरांसमोर बचत गटाची बैठक भरत नाही. बाया जातील पुन्हा कोणाच्या तरी सपरीत. संडास-मुतारी अंदाजपत्रकात आलीच असेल, तर काढून टाका.

पायव्यात फार खोल जाऊ नका. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जाणता मिस्त्री म्हणेल, मुरूम लागेपर्यंत खोदा. नाहीतर काळी माती काढा, सहा-सहा इंचांचे मुरमाचे थर टाका, पाणी मारा, धुम्मस करा. तुम्ही दोन फुटांवर थांबा. एक-दोन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघेल, आणि दुरुस्तीचं वेगळं काम मंजूर करून घेता येईल. मे महिन्यात जमिनीचं काँक्रीट टाका आणि सात दिवस तरी ओलं बारदान ठेवायचं सोडून दोन दिवसांत पाणी मारणं बंद करा. टँकरचे पैसे वाचतात.

छत पत्र्याचं. उंची दहा फूट, खाली सिलिंग नको, पश्चिमेची बाजू सताड उघडी. पारा ४५ वर गेला की दुपारी तीन ते सहा तिथे पापड भाजता येतील, माणूस बसणार नाही. कोणी सेवाग्राम आश्रमातली १९३६ सालापासूनची मातीच्या भिंतींची, बांबू-कवेलूंची घरं दाखवून हुज्जत घातली, तर शांतपणे सांगा की ते दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांच्या दरांच्या यादीत, बसत नाही.

झाड असलंच तर त्याला पार बांधा, पण सिमेंट थेट बुंध्याला भिडवा. चारही बाजूंनी मीटरभर माती मोकळी सोडली तर मुळांना पाणी आणि हवा मिळते, झाड टिकतं, आणि माणसं बसायला लागतात! शिवाय बुंध्याभोवती दोन फूट भराव टाका. सालीत ओल मुरून ती सडते. शेंड्याच्या फांद्या वाळायला लागल्या की समजा, काम बरोबर चाललं आहे. पाराची उंची तीन फूट ठेवा. दीड फूट उंच आणि अडीच फूट रुंद केला, तर म्हातारा पाय सोडूनही बसतो आणि मांडी घालूनही. तीन फुटांवर चढताना टोंगळे बोलतात. बाक आले तर सगळे एका रांगेत, रस्त्याकडे तोंड करून. बोलताना मान वळवावी लागली की गप्पा दहा मिनिटांत आटोपतात. बाकाच्या पाठीवर देणगीदाराचं नाव मोठ्या अक्षरात असावं. वाचायला कोणी नसलं तरी फोटोत येतं.

खरा धोका वेगळाच आहे. गावातलं एखादं डोकं फक्कीची, म्हणजे रेघा आखायच्या पांढऱ्या भुकटीची, गोणी आणतं आणि नकाशा खऱ्या मापात जमिनीवर आखतं. दोन बाजा टाकतं, सुतळी बांधतं आणि म्हणतं, आठ दिवस बसून पाहा: सकाळी, भर दुपारी, दिवाबत्तीनंतर. चौथ्या दिवशी एखादी आजी सांगते, खांब इथे नको, पायरी अर्धी करा, पाण्याचा माठ या कोपऱ्यात. फक्की पुसून पुन्हा आखायला काहीच लागत नाही. ओतलेला खांब असा सरकत नाही, म्हणून आधी खांब ओता. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात सर्वांचं एकमत होईपर्यंत निर्णय होत नाही. ही सवय तुमच्याकडे आली तर निधी खर्चायचा ३१ मार्च कसा गाठणार?

हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे मोठे दिवे, लावा. बिल ग्रामपंचायतीकडे येईल, थकेल, जोडणी कापली जाईल. तोवर फोटो काढून झालेले असतात.

शेवटी चारही बाजूंनी जाळी, लोखंडी गेट, कुलूप. किल्ली सरपंचाकडे. एकाला सोयाबीन वाळवायला, दुसऱ्याला मंडप-डेकोरेशनच्या खुर्च्या ठेवायला द्या. पाच वर्षांनी सरपंच बदलतील, किल्ली काही सापडणार नाही, आणि पहिल्याच मासिक सभेत नव्या सभामंडपाचा ठराव येईल.