चारशे सहा वजा ब्याण्णव

डंजन्स अँड ड्रॅगन्समधल्या राक्षसराजाची धास्ती खेळाडूंना नसतेच. ती असते डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, कारण त्या राक्षसाचा सगळा कारभार त्याच्या गळ्यात असतो. खेळाडू येतात, चहा पितात, वीस बाजूंचा फासा टाकतात आणि "लागला का?" एवढंच विचारतात. लागला की नाही, लागला तर किती, त्यातलं किती अंगावर घ्यायचं आणि किती निम्मं करायचं, हे बघायला एक कारकून लागतो. आमच्या डायनिंग टेबलावर तो कारकून मी. आणि सध्याचे माझे साहेब म्हणजे डेमोगॉर्गन, समस्त राक्षसांचे अधिपती, मुक्काम पाताळाचा 88 वा थर.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांनी एवढंच समजून घ्या की 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यात शूरवीर व्हायचं आणि भांडण लागलं की फाशाने निकाल द्यायचा. भांडण लागतंच.

आता साहेबांविषयी. उंची अठरा फूट, अंग सरड्यासारखं, हातांच्या जागी सोंडेसारखे दोन पिळदार वेटोळे आणि वर मॅन्ड्रिल माकडाची दोन मुंडकी. पुस्तकात त्यांचे आकडे असे दिले आहेत: ताकद 29, बुद्धी 20, करिष्मा 25. साध्या माणसाच्या वाट्याला यातलं प्रत्येक साधारण 10 येतं. ताकद 29 असली तरी माझं काही अडत नाही, फाशात 9 मिळवले की झालं. पंचाईत आहे ती बुद्धीची आणि करिष्म्याची. ज्या माणसाला एकही रिक्षावाला मीटरने यायला तयार होत नाही, त्याने 25 करिष्म्याचा जीव चालवायचा! तो बोलला की समोरचा भारावला पाहिजे. मी बोललो की समोरचा विचारतो, "यात शेंगदाणे आहेत का?"

त्यात मुंडकी दोन, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. डावीकडचं आमूल, गोडबोलं आणि कपटी. उजवीकडचं हॅथ्राडिया, नुसतं पिसाळलेलं. दोघांचा आयुष्यभराचा उद्योग म्हणजे दुसऱ्याचा काटा कसा काढायचा. म्हणजे माझ्या वाट्याला दोन आवाज आणि स्वतःशीच तंटा. आदल्या रात्री झोपायच्या खोलीत मी हळू आवाजात तालीम करत होतो. बायकोने कूस बदलून विचारलं, "कोणाशी भांडतोयस?"

"स्वतःशीच."

"हरलास की सांग," म्हणाली आणि लाइट घालवला.

बरं, हे आकडे तरी एका जागी स्थिर असावेत! जुन्या पुस्तकांतून आमच्या साहेबवर्गाची सेवापुस्तिका काढली तर डोकं फिरतं. ऑर्कस म्हणून डेमोगॉर्गनचा एक हाडवैरी आहे. बोकडाचं डोकं, पोट सुटलेलं, हातात कवटी लावलेला दंड आणि मेलेल्यांवर हुकूमत. 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये त्याला हिट पॉइंट, म्हणजे मरेपर्यंत किती मार सोसता येईल तो आकडा, होते 120. 2008 साली चौथी आवृत्ती आली तेव्हा हाच गृहस्थ 1525 वर पोचला होता. एवढी वाढ आजवर कुठल्याही वेतन आयोगाने दिलेली नाही. मग वरून कोणीतरी फाइल परत पाठवली असावी, कारण 2018 च्या पुस्तकात तो निमूटपणे 405 वर येऊन बसला. आणि लॉल्थ, ती कोळ्यांची राणी, जिच्या नावाने पाताळ चळचळा कापतं, तिला 1980 साली किती दिले होते? सहासष्ट. आमचा पॅलाडिन, म्हणजे धर्मवीर, ते एका घावात संपवतो आणि वर विचारतो, "बस्स?"

मधली काही वर्षं तर हे लोक कागदोपत्री राक्षसच नव्हते. 1980 च्या दशकात तिकडच्या पालकांनी ओरड केली की हा खेळ पोरांना सैतानाच्या नादी लावतो. झालं, 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतून राक्षस हा शब्दच उडाला. दोन वर्षांनी मंडळी 'तनारी' असं सभ्य नाव लावून परत हजर. शिंगं तीच, वाईट सवयी त्याच. आमच्याकडे कोणाची काही तक्रार नाही. माझ्या आईला या खेळात एकच गोष्ट खटकते, ती म्हणजे एसी.

एसी म्हणजे आर्मर क्लास, समोरच्याचा वार अंगाला लागायला निदान किती आकडा यायला हवा तो. पहिल्या दिवशी मी जाहीर केलं, "डेमोगॉर्गनचा एसी बावीस." आतून आईचा आवाज आला, "अरे, बावीसवर कशाला? चोवीसवर ठेवा, बिल किती येतं माहितीये का?" आणि तिने बेडरूममध्ये जाऊन बंद असलेला एसी पुन्हा एकदा तपासला. नशीब, आम्ही जुन्या नियमांनी खेळत नाही. तेव्हा हाच एसी उणे आठ होता, आणि आकडा जितका खाली तितकं चिलखत भक्कम असा उफराटा हिशेब होता. तो 2000 साली सुलटा झाला. उणे आठ ऐकून आईने सगळ्यांना शाली आणून दिल्या असत्या.

तर लढाई. डेमोगॉर्गन म्हणून मी टेबलावर लोणच्याची बरणी ठेवली होती. मी वर्णन सुरू केलं: समुद्र काळा पडला, पाण्यातून दोन मुंडकी वर आली, आणि...

"भाऊजी, इनिशिएटिव्ह टाकू?" मेहुण्याने मध्येच विचारलं. आमचा पॅलाडिन तो हाच. एरवी एलआयसीची पॉलिसी विकतो. इनिशिएटिव्ह म्हणजे आधी पाळी कोणाची, त्याचा फासा. पहिला नंबर त्याचाच लागला. त्याने फासा टाकला, फासा ताटलीला आपटून थांबला आणि वर वीस. वीस म्हणजे क्रिटिकल, फासे दुप्पट. त्यावर त्याने आपली सगळ्यात मोठी पुण्याई त्या घावात ओतली. त्याचा हा स्माइट, म्हणजे पुण्याईचा तडाखा, राक्षसांना जरा जास्तच लागतो, हे त्याने आधीच वाचून ठेवलं होतं. हिशेब निघाला सहा बाजूंचे चार आणि आठ बाजूंचे चौदा फासे. घरात आठ बाजूंचे फासे आहेत पाच. उरलेले पुनःपुन्हा टाकायचे आणि आकडे कोणीतरी लिहून घ्यायचे. कोणीतरी म्हणजे कोण ते सांगायला नको. मेहुणा बोटांवर बेरीज करत होता, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा सुरुवात करणार तोच निवृत्त प्राथमिक शिक्षिका असलेली आमची आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "ब्याण्णव. वरचे आठ धरून."

पहिल्या सहा सेकंदांत साहेबांचे हिट पॉइंट 406 वजा 92. साहेबांनी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, दोन्हीपैकी एकही.

दुसरी भाची. ती इंजिनिअरिंगला आहे आणि खेळात विझार्ड. नियमांचं पुस्तक तिच्या मोबाइलमध्ये असतं आणि डोळ्यांत कायम एक शंका. "मामा, मी बॅनिशमेंट टाकते. करिष्मा सेव्ह, एकोणीस." सेव्ह म्हणजे बचावाचा फासा. त्यात साहेबांनी एकोणीस गाठले नाहीत तर ते सरळ आपल्या घरी. साहेबांना सेव्हवर अधिक पंधरा, शिवाय जादूविरुद्ध दोन फासे टाकून त्यातला मोठा घ्यायची सवलत. नापास व्हायला दोन्ही फाशांवर तीन किंवा त्याखाली यायला हवं, म्हणजे 400 मध्ये 9 वेळा. मी निवांत फासे सोडले. एकावर दोन, दुसऱ्यावर एक.

टेबलावर जल्लोष झाला. मी घसा साफ करून म्हणालो, "लेजंडरी रेझिस्टन्स." ही साहेब लोकांची खास सवलत आहे: दिवसातून तीनदा नापास झालं तरी आपणच आपल्याला पास करून घ्यायचं. भाचीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की साहेबांची नजर, जिच्यापासून वाचायला सेव्हवर 23 लागतात, तीसुद्धा तिच्यापुढे काहीच नाही. मग म्हणाली, "मामा, डोकी दोन आहेत, मग सेव्हही दोन हवेत ना?"

"दोन डोक्यांचा त्याला फायदा मिळतो, तोटा नाही."

"कुठे लिहिलंय?"

लिहिलंय. आंधळं करायला, बहिरं करायला, भोवंड आणायला गेलात तर दोन डोक्यांमुळे तो सहज निभावतो. ते शोधून, वाचून, तिला पटवून होईपर्यंत चहा गार झाला.

शेजारचे दाताचे डॉक्टर बार्बेरियन आहेत. दवाखान्यात पेशंटला "जरा आ करता का प्लीज" म्हणणारे सद्गृहस्थ, इथे रविवारी कुऱ्हाड घेऊन किंचाळतात. साहेबांचं वेटोळं त्यांना बसलं. त्याची खुबी अशी की नुसते हिट पॉइंट जात नाहीत. तब्येतीचा सेव्ह हुकला तर कमाल मर्यादाच तेवढ्याने खाली येते. डॉक्टरांनी आधी वरचा आकडा खोडला, मग खालचा, मग पुन्हा वेटोळं बसलं म्हणून दोन्ही. शेवटी खोडरबर असा चालला की कागदाला भोक पडलं आणि हिट पॉइंटच्या रकान्यातून टेबलाचा सनमायका दिसायला लागला. "आता मला किती आहेत?" त्यांनी भोकातून बोट घालून विचारलं.

साहेब वाईट लढले नाहीत, हे कारकून म्हणून नमूद करतो. पण पाच जणांचे हात आणि एकाचे दोन वेटोळे, याला बुद्धी 20 पुरत नाही. त्याची ताकद कमी पडते असं नाही, पाळी कमी पडते. 406 हा आकडा एकट्याने वाचताना डोंगराएवढा वाटतो, टेबलावर पाच फेऱ्यांत त्याचा भुगा होतो. एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. तेव्हा दुपारच्या जेवणापासून दिवेलागणीपर्यंत आम्ही जे युद्ध लढलो, ते साहेबांच्या घड्याळात अर्ध्या मिनिटात आटोपलं. शेवटचा घाव डॉक्टरांचा. बरणी त्यांनी स्वतः, झाकण घट्ट आहे ना बघून, आडवी केली.

"मेला का एकदाचा?" आईने विचारलं.

"मरत नाही तो. इथे मारला की पाताळात परत जातो, आपल्या घरी."

"मग भाची पहिल्यांदाच घरी पाठवत होती तेव्हा का नाही पाठवलास?"

याला नियमात उत्तर आहे, पण ते आईला द्यायचं धाडस 29 ताकद असूनही होणार नाही. तेवढ्यात मेहुणा म्हणाला की आता ऑर्कसला उचलू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सांगून पाहिलं की ऑर्कस एकटा येत नाही. त्याचा तो दंड एकूण 500 हिट पॉइंट भरतील एवढी मेलेली माणसं उभी करतो.

"सांगाडे तेरा-तेरा हिट पॉइंटचे," भाचीने मोबाइलवर हिशेब केला, "म्हणजे अडतीस येतील, मामा."

अडतीस सांगाडे, अडतीस चिलखतं, प्रत्येकाचा वार वेगळा. मी काही बोलायच्या आत आई आतून चिंचोक्यांचा डबा घेऊन आली आणि टेबलावर दोन-दोनच्या जोड्या लावायला लागली.

"आणि याचा एसी किती?"

"सतरा. पण हातात दंड असला की वीस."

"म्हणजे रिमोट त्याच्याच हातात," आई म्हणाली, आणि एकोणिसावी जोडी मांडली.