ट्रॅफिकमध्ये हायब्रिडचा उपयोग नाही म्हणता? तिथेच तर आहे!

सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, ऑफिसच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हायब्रिड गाडी (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असलेली) म्हणजे कंपन्यांनी केलेली धूळफेक. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये तिचा काडीचा उपयोग नाही, झाला तर हायवेवर. बॅटरी तीन-चार वर्षांत बसते आणि नवीला लाखो रुपये जातात. ती बनवतानाच इतकं प्रदूषण होतं की वाचलेल्या पेट्रोलचा फायदा धुऊन निघतो. पावसाळ्यात पाण्यात अडकलात तर शॉक बसेल. आणि जादा मोजलेले पैसे काही केल्या वसूल होत नाहीत.

आमच्या घरी हायब्रिड आहे आणि मुलुंड ते अंधेरी हा तिचा रोजचा रस्ता. या मजकुरातला शेवटचा मुद्दा बऱ्याच लोकांच्या बाबतीत खरा आहे. बाकीचे चुकीचे आहेत, आणि पहिला तर पूर्ण उलटा आहे. पंधरा-वीस लाखांचा निर्णय लोक असल्या मजकुरावर घेतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘ट्रॅफिकमध्ये उपयोग नाही’

साधी पेट्रोल गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा इंजिन चालूच असतं. पेट्रोल जळतं, अंतर शून्य. पुढे सरकायचं तर पहिला-दुसरा गिअर, म्हणजे इंजिन सर्वांत जास्त पितं ती अवस्था. आणि दहा फुटांवर पुन्हा ब्रेक. आत्ताच पेट्रोल जाळून मिळवलेला वेग ब्रेकच्या चकत्या तापवण्यात गेला. मुंबईत दिवसभर हेच चालू असतं.

हायब्रिड नेमकी ही तीन ठिकाणं धरते. थांबली की इंजिन बंद. सरकायचं असेल तर मोटर ढकलते. ब्रेक दाबला की तीच मोटर उलट जनरेटरचं काम करते आणि वाया जाणाऱ्या वेगातला काही भाग वीज होऊन बॅटरीत परत येतो. द्रुतगती मार्गावर ताशी ९०-१००च्या एकसारख्या वेगात थांबणंही नाही आणि ब्रेकही नाही, मग वाचवायला फारसं उरतच नाही. म्हणून फायदा शहरात जास्त आणि हायवेवर कमी. मजकूर लिहिणाऱ्याने बरोबर उलटं लिहिलंय.

संध्याकाळी सहानंतर जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर) पवईपासून गांधीनगरपर्यंत रांग लागते, तेव्हा हे कानाला कळतं. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असते आणि आत फक्त एसीच्या पंख्याचा आवाज. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असलं तरी गारवा टिकतो. डॅशबोर्डवर ‘ईव्ही’चा हिरवा दिवा लागलेला असतो, बॅटरीच्या रेघा एकेक करून उतरतात, मग इंजिन घरघरतं, थोडा वेळ बॅटरी भरतं आणि पुन्हा गप्प होतं. मे महिन्यात एसी जोरात असेल तर हे लवकर-लवकर होतं, तेवढा अ‍ॅव्हरेज पडतो.

अ‍ॅव्हरेज म्हणाल तर माहितीपत्रकातला आकडा विसरा. मारुतीच्या ग्रँड व्हिटारा हायब्रिडचा लिटरमागे २७.९७ किलोमीटर हा आकडा ठरावीक चाचणीतला आहे. आमच्या गाडीला या रस्त्यावर वीसच्या आसपास पडतो. त्याच रस्त्यावर त्याच आकाराची ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी अकरा-बारा देते. फरक तुम्हीच काढा.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. सकाळी गाडी सुरू केली की बहुतेक वेळा इंजिन लगेच चालू होतं आणि थोडा वेळ चालूच राहतं. धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, त्याला तापवायला ते लागतं. शेजारचे काका म्हणाले, “अहो, तुमची हायब्रिड बिघडली वाटतं, उभ्या उभ्या चालतेय.” बिघडलेली नव्हती. पण याचा अर्थ असा की घरापासून स्टेशनपर्यंत एवढाच प्रवास असेल तर फायदा फार कमी. इंजिन गरम होईपर्यंत तुम्ही पोचलेले असता.

‘माझ्या मेहुण्याने घेतली, काही फरक नाही’

हे वाक्य मजकुरात आहे आणि मेहुणा खोटं बोलत नसणार. फक्त त्याच्याकडे कुठली हायब्रिड आहे ते विचारा. आपल्याकडे २०१५पासून ‘माइल्ड हायब्रिड’ गाड्या विकल्या जातात. मारुतीने सियाझ डिझेलपासून सुरुवात केली. त्यात छोटी मोटर इंजिनला जरासा हातभार लावते आणि सिग्नलला इंजिन बंद करते, पण गाडी एकट्या विजेवर हलत नाही. ‘स्ट्राँग हायब्रिड’ हलते. एकाच ग्रँड व्हिटारात दोन्ही प्रकार मिळत आलेत: माइल्ड ऑटोमॅटिकचा कागदावरचा आकडा २०.५८, स्ट्राँगचा २७.९७. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा: इंजिन बंद ठेवून गाडी पुढे जाते का? उत्तर ‘नाही’ असेल तर या लेखात सांगितलेली एवढी बचत तिच्याकडून धरू नका.

‘बॅटरी तीन वर्षांत बसते’

टोयोटाची प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७मध्ये विक्रीला आली. म्हणजे हे तंत्र पाव शतकाहून जुनं आहे आणि जगभर टॅक्सी म्हणून या गाड्या लाखो किलोमीटर पळाल्यात. आपल्याकडे होंडा, टोयोटा आणि मारुती तिघेही हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर (जे आधी होईल ते) अशी वॉरंटी देतात. तीन वर्षांत बसणाऱ्या वस्तूला कुठलीही कंपनी आठ वर्षांचं लेखी वचन देणार नाही.

ती टिकते कारण तिला कधी पूर्ण भरू देत नाहीत आणि कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाहीत. गाडीचा संगणक तिला मधल्या पट्ट्यातच खेळवतो. मोबाइल आपण रात्रभर शंभरवर लावून ठेवतो आणि दिवसा शून्यावर आणतो, म्हणून त्याचा दोन वर्षांत दम निघतो. मोबाइलचा तोच अनुभव लोक गाडीला लावतात, तिथेच घोळ होतो.

जपायचं एक आहे, आणि ते कुणी सांगत नाही. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटच्या बाजूला एक छोटी जाळी असते. बॅटरीला थंड ठेवणारी हवा तिथून आत जाते. आपण तिच्यावर बॅगा टेकवतो, चादर पसरतो, कुत्र्याचे केस अडकतात. मुंबईत बांधकामाची धूळ तर विचारूच नका. जाळीमागचा फिल्टर प्रत्येक सर्व्हिसिंगला उघडून साफ करायला सांगा आणि शक्य असेल तर समोर उभं राहून बघा. बॅटरीचं आयुष्य खाणारी मुख्य गोष्ट उष्णता आहे.

वॉरंटीनंतर बॅटरी बदलावी लागली तर खर्च मोठा आहे, हे खरंच. म्हणून जुनी हायब्रिड घेताना आठ वर्षांतली किती उरलीत ते बघून भाव करा. पण त्याच हिशेबात हेही धरा की बहुतेक स्ट्राँग हायब्रिडमध्ये वेगळा स्टार्टर नसतो, अल्टरनेटर नसतो, पायाने दाबायचा क्लच नसतो, आणि ब्रेक पॅड खूप सावकाश झिजतात. क्लच प्लेटला मुंबईत किती पैसे जातात ते ठाऊक असलेल्यांना वेगळं सांगायला नको.

‘बॅटरी बनवतानाच सगळं प्रदूषण होऊन जातं’

इथे आकडे बोलू देत. ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाच्या हायरायडर हायब्रिडची बॅटरी जेमतेम ०.७६ किलोवॉट-तासाची (म्हणजे युनिटची) आहे. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीची चाळीस-पन्नासची असते. लिथियम बॅटरी बनवताना किलोवॉट-तासामागे साधारण ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असं धरलं जातं. म्हणजे ही अख्खी बॅटरी फार तर ७५-८० किलोची धनी. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ४५ लिटरची टाकी एकदा संपवली की शंभर किलो. मजकूर ज्याला ‘सगळं प्रदूषण’ म्हणतोय ते एका टाकीपेक्षा कमी आहे.

‘पाण्यात शॉक बसतो’

बसत नाही. उच्च दाबाच्या नारिंगी वायरी सीलबंद असतात, गाडीच्या सांगाड्याशी जोडलेल्या नसतात, आणि बिघाड किंवा अपघात झाला की यंत्रणा वीज तोडते. त्या वायरींना कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका, एवढंच. खरा धोका इंजिनात पाणी जाण्याचा आहे आणि तो हायब्रिडला इतर पेट्रोल गाड्यांइतकाच आहे. अंधेरी सबवे किंवा हिंदमाताला पाणी भरलं असेल तर गाडी घालू नका. अडकलात तर बटण दाबून पुन्हा सुरू करायला जाऊ नका.

‘पैसे वसूल होत नाहीत’

हा मुद्दा खरा आहे, पण सरसकट नाही. माइल्ड ऑटोमॅटिक आणि स्ट्राँग हायब्रिड यांच्या किमतीत, ग्रँड व्हिटारा बाजारात आली तेव्हा, अडीच लाखांच्या वर अंतर होतं. त्यावर महाराष्ट्राचा वाहनकर आणि विमा. तीन लाख धरू. पेट्रोल हिशेबाला सोपं म्हणून शंभर रुपये लिटर धरू (मुंबईत त्याच्या वरच आहे). बाराऐवजी वीसचा अ‍ॅव्हरेज मिळाला तर दर हजार किलोमीटरमागे साधारण ३३ लिटर वाचतं.

वर्षाला १५,००० किलोमीटर फिरत असाल तर ५०० लिटर, म्हणजे पन्नास हजार रुपये. सहा वर्षांत तीन लाख वसूल, वॉरंटीच्या आतच. शिवाय वर्षाला अकराशे किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड कमी. पण गाडी फक्त शनिवार-रविवारी निघते, ऑफिसला लोकलने किंवा मेट्रोने जाता, वर्षाला सहा हजार किलोमीटरही होत नाहीत, तर वसुलीला पंधरा वर्षं लागतील. अशांनी पैसे वाचवायला हायब्रिड घेऊ नये. त्यांची लोकल कुठल्याही हायब्रिडपेक्षा जास्त इंधन वाचवतेय.

नुसते रुपये मोजायचे असतील तर सीएनजी मुंबईत अजूनही स्वस्त पडतो. पंपावरची रांग आणि सिलिंडरने खाल्लेली डिकी चालत असेल तर खुशाल घ्या. डिकी हायब्रिडचीही लहान होते, बॅटरी तिथे बसते म्हणून. आणि सोसायटीत हक्काचं पार्किंग असेल, चार्जर लावून मिळत असेल, तर मी इलेक्ट्रिकच घ्या म्हणेन. देशातली वीज अजून बहुतांश कोळशाची, युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. त्यामुळे कार्बनच्या हिशेबात किलोमीटरमागे इलेक्ट्रिक साधारण १०५ ग्रॅम, वीसच्या अ‍ॅव्हरेजची हायब्रिड ११५ आणि बाराची पेट्रोल गाडी १९०. पण इलेक्ट्रिकला सायलेन्सरच नाही, म्हणजे धूरही नाही, आणि शाळेबाहेर उभ्या असलेल्या मुलांच्या दृष्टीने तो फरक मोठा आहे. दादर-गिरगावच्या जुन्या इमारतींत, स्टॅक पार्किंगच्या टॉवरमध्ये चार्जरची सोय नाही, त्या घरांसाठी हायब्रिड हा आजचा सर्वांत चांगला पर्याय आहे.

हायब्रिडने मुंबईची हवा स्वच्छ होईल असं मात्र मी म्हणणार नाही. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा चर्चा बांधकामाच्या आणि रस्त्याच्या धुळीचीही होती. ती धूळ हायब्रिडची चाकंही उडवतात, टायर तिचेही झिजतात. कमी होतो तो धूर, आणि तोही रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांचा, जिथे फुटपाथवरचा माणूस तो थेट श्वासात घेतो.

राग काढायचाच असेल तर करावर काढा. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिड गाडीवर ४० टक्के जीएसटी आहे, तिच्याच आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीवरही ४० टक्केच. इलेक्ट्रिकवर ५. शहरात सुमारे चाळीस टक्के पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीला एक टक्क्याचीही सवलत का नाही, हा प्रश्न त्या लांबलचक मजकुरात कुठेच नाही.