बोलीवर नाही, बोलीतून

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी ओपन माइकला जातो, म्हणजे नव्या पोरांनी एकट्याने स्टेजवर उभं राहून विनोद सांगायचा, स्टँडअपचा कार्यक्रम. पाच मिनिटं मिळतात. वेळ संपत आली की मागून मोबाइलचा दिवा दाखवतात. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. कार्यक्रम ठेवणाऱ्यांपैकी कुणीतरी त्याला म्हणालं, "लिहितोस चांगलं, पण भाषा जरा सुधार. नाहीतर मग गावाकडच्या भाषेवरच अख्खा सेट कर, ते चालतं." आम्ही परभणीकडचे. पोरगा "येतोय" म्हणत नाही, "येऊलालो" म्हणतो. म्हणजे एकतर ती बोली टाकून दे, नाहीतर तिची टिंगल करून टाळ्या घे. तिसरी वाट त्याला कुणी सांगितलीच नाही.

त्या दिवसापासून प्रा. लक्ष्मण देशपांडे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

सर १९७९ साली 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री खेळ घेऊन एकटे रंगमंचावर उभे राहिले. गावाकडचं लग्नाचं वऱ्हाड विमानाने लंडनला निघतं, त्याची ही गोष्ट. लिहिलेलं त्यांनीच, करायचेही तेच. ५२ पात्रं, तीनेक तासांचा खेळ, आणि हाताशी एक उपरणं, त्याचाच कधी पदर, कधी फेटा. मराठवाडा विद्यापीठात ते नाट्यशास्त्र शिकवायचे, पुढे विभागप्रमुख झाले. अडीच हजारांहून जास्त प्रयोग केले, देशोदेशीच्या मराठी माणसांपर्यंत गेले, २००४ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. २२ फेब्रुवारी २००९ला सर गेले. आज मराठी स्टँडअपची चर्चा निघते तेव्हा त्यांचं नाव मला क्वचितच ऐकू येतं. "ते एकपात्री, हे वेगळं," असं सांगतात. वेगळं आहेच. स्टँडअपवाला स्वतः म्हणून बोलतो, सर दुसऱ्यांच्या अंगात शिरून बोलायचे. पण एका माणसाने स्वतः लिहायचं, स्वतः उभं राहायचं आणि समोरच्या हजार माणसांना धरून ठेवायचं, हे काम तर तेच ना?

'वऱ्हाड' मी आधी ऐकलं, पाहिलं फार नंतर. शाळेत असताना मामाने कॅसेट आणली होती. टेपरेकॉर्डर ओसरीवर ठेवलेला. आजी सूप घेऊन तूर पाखडत बसलेली. तिला नाटकाबिटकाचं काही नव्हतं. पाचेक मिनिटांनी सुपाचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं तर सूप मांडीवर तसंच आणि आजी टेपकडे टक लावून बघत होती, जसं काही माणूसच समोर बसलाय. म्हणाली, "आरं, ह्यो तर आपल्यावानीच बोलायलाय." रेडिओतून, टेपमधून आपल्यासारखं बोलणारा माणूस तिने तोवर ऐकलेलाच नव्हता. ती तूर त्या दिवशी तशीच राहिली.

आता ज्यांना वाटतं की सरांचं यश म्हणजे नुसत्या नकला आणि उपरण्याची करामत, त्यांच्यासाठी ही कॅसेटच माझा पुरावा आहे. कॅसेटमध्ये उपरणं दिसत नाही. पदर दिसत नाही, फेटा दिसत नाही. एकच गळा. तरी आम्हाला प्रत्येक वेळी कळायचं की आता कोण बोलतंय. बबन्या बोलायला लागला की बबन्याच. हे केवळ आवाज बदलून होत नाही. प्रत्येकाचं वाक्य वेगळं बेतावं लागतं: कोण भरभर बोलून अर्ध्यात सोडतं, कोण एकच गोष्ट तीनदा सांगतं, कोण प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतं. याला मी लेखन म्हणतो. आणि सरांना आधी लेखक म्हणून मोजायला हवं, हे माझं ठाम मत आहे. उत्तम नट होतेच, पण त्या नटाच्या हातात इतकं बारीक विणलेलं काही नसतं, तर तीन तास कुणी बसलं नसतं.

पु. लं.नी १९६१ पासून 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगवली, तेव्हा एकटा माणूस थिएटर भरवू शकतो हे मराठी प्रेक्षकाला ठाऊक झालं होतं. पण चाळीची भाषा मुंबई-पुण्याच्या कानाला ओळखीची होती. सर आले ते मराठवाड्याची बोली घेऊन. त्या काळी नाटका-सिनेमात ती भाषा बहुतेक वेळा गड्याच्या नाहीतर येड्याच्या वाट्याला यायची. सरांनी ती अख्ख्या गोतावळ्याला दिली. त्यात मानपानासाठी अडून बसणारा आहे, विमानाला घाबरणारा आहे, रुसणारी आहे, सगळ्यांना सांभाळून घेणारीही आहे. आपण हसतो ते त्यांच्या हट्टाला, धांदलीला, भाबडेपणाला. बोली त्यांच्या तोंडात आहे, कारण ती त्यांची आहे. विनोद तिच्यावर नाही, तिच्यातून आहे.

शहरातल्या काही प्रेक्षकांनी तेव्हाही नुसत्या भाषेला हसून घेतलं असेल, हे मी नाकारत नाही. पण लिहिणाऱ्याने त्यांच्यासाठी लिहिलं नव्हतं, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो. आज मोबाइलवर "मराठवाड्याचा पोरगा" म्हणून जे बरंचसं फिरतं त्यात "कामून", "लई" असे चार शब्द जोरात म्हटले की विनोद झाला असं धरतात. त्या शब्दांमागे माणूस कुठे असतो? आमच्या गावात माणसं अशी ओरडत नाहीत हो. फार हळू, फार आडून बोलतात.

सरांनंतर माजलगावच्या संदीप पाठक यांनी 'वऱ्हाड' उचललं आणि प्रयोग चालू ठेवले, याचं मला मनापासून समाधान आहे. बाकी नाटकाच्या शिबिरांत, विद्यापीठांत ही संहिता लेखन म्हणून ओळ न ओळ उलगडून शिकवावी, असं मला कळकळीने वाटतं. ओपन माइक करणाऱ्या पोरांना तर आधी कॅसेटसारखी ऐकवा, डोळे मिटून.

भाच्याला मी तेच सांगितलं. त्याने दोन रात्रींत सगळं ऐकलं. मग विचारलं, "मामा, आज्जी कशी बोलायची रे? मला नीट आठवना." तासभर मी त्याला आजी बोलून दाखवत होतो. तो लिहून घेत होता.

सरांचे सुरुवातीच्या वर्षांतले प्रयोग ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलेत, त्यांनी कृपया खाली लिहा. कुठल्या गावात, कुठल्या मैदानावर, कोण सोबत होतं, काय आठवतं, सगळं. मला ते भाच्याला वाचून दाखवायचंय.