पाच मिनिटं गप्प बसायचं

रक्तदाब बघायला डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला आणि म्हणाले, "वरचं १५२, खालचं ९६."

"पास व्हायला किती लागतात?" मी विचारलं. ते हसले नाहीत.

"एका वेळच्या आकड्यावर काही ठरत नसतं. दवाखान्यात आल्यावरच काहींचं चढतं. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजा आणि लिहून आणा. तोवर मीठ कमी, चालणं रोज, झोप पुरेशी. आणि हो, ताण अजिबात घ्यायचा नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून जो ताण आला, तो तेव्हा मोजायला हवा होता.

मशीन घरी आलं. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, सिगारेट नाही, व्यायाम नाही. लघवीला जाऊन यायचं. खुर्चीत पाठ टेकून बसायचं, पावलं जमिनीवर, पायावर पाय टाकायचा नाही. पट्टा उघड्या दंडावर आणि दंड छातीच्या उंचीला येईल असा हात टेबलावर. हे सगळं जमल्यावर पाच मिनिटं शांत बसायचं आणि बोलायचं नाही. इतक्या अटी लग्न ठरवतानाही नव्हत्या.

पहिल्या दिवशी मी डोळे मिटून बसलो. तिसऱ्या मिनिटाला आतून आवाज आला, "अहो, मोजताय का?"

"हं."

"मग बोलू नका. बोललं की वाढतं." दोन सेकंद शांतता. "नुसती मान हलवून सांगा, विजेचं बिल भरलंत?"

मी मान हलवली नाही. कुठल्या दिशेला हलवली असती तरी प्रकरण वाढलंच असतं. बटण दाबलं. १५८.

"बघा! तरी मी म्हणत होते, बोलू नका म्हणून."

मग तिने स्वतःचं मोजलं. फोन कानाला, पायावर पाय, बहिणीशी कुणाच्या तरी लग्नाबद्दल तावातावाने चर्चा चालू. ११६ बाय ७४. नियम फक्त मलाच लागू आहेत, अशी माझी तेव्हापासून पक्की समजूत आहे.

रागावल्यावर पारा चढतो असं आपण म्हणतो. माझ्या मशीनमध्ये पाऱ्याचा थेंब नाही, पण आकडे अजून पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच येतात. मुळात रक्ताचा दाब मोजायचं हे खूळ कुणी काढलं म्हणून शोधायला गेलो, तर स्टीफन हेल्स नावाचे इंग्रज पाद्री सापडले. त्यांनी घोडीच्या धमनीला उभी काचेची नळी जोडली आणि रक्त आठ फुटांच्या वर चढलेलं पाहिलं. १७३३ साली ते छापलंही. त्या घोडीलाही कुणी तरी "ताण घेऊ नकोस" म्हणालं असेल का, हा विचार मला बरेच दिवस पुरला.

मिठाचं सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि तोही सगळं धरून. मी वरून घ्यायचं मीठ बंद केलं आणि कॉलर ताठ केली. मग कळलं की मीठदाणी हा फक्त दिसणारा आरोपी. खरे फरार पाव, बिस्किटं, सॉस आणि पाकिटातल्या सूपमध्ये दडून बसलेत. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. मीठ काढायला त्याला अडीचने गुणायचं. दुकानात चष्मा कपाळावर चढवून पाढे म्हणणारा इसम दिसला तर तो मी. या सगळ्या गुणाकाराने पित्त झालं म्हणून फसफसणारी गोळी घेतली. त्या गोळीतही सोडियम!

चालणं त्या मानाने सोपं. आठवड्याला किमान १५० मिनिटं, आणि वेग असा की बोलता येईल पण गाता येणार नाही. मला बसूनही गाता येत नाही, त्यामुळे ही कसोटी मी रोज पास होतो.

आठवड्याची सरासरी १४४ बाय ९२ आली. घरच्या मापाला १३५ बाय ८५ ही रेघ असते, तेव्हा डॉक्टरांनी एक छोटी गोळी लावली. वर "मीठ आणि चालणं सुटलं असं समजू नका" हेही ऐकवलं. तीन महिन्यांत साडेतीन किलो उतरले. आता आकडे रेघेखाली असतात, बहुतेक दिवस.

मोजणं मात्र मी सोडलेलं नाही. उलट दिवसातून चार-पाचदा बसतो. पट्टा दिसला की घरात कुणी मला बिल, गळका नळ, पाहुणे यातलं काहीही विचारत नाही. मुलंसुद्धा पाय न वाजवता जातात. पाच मिनिटांची हळूहळू वीस झाली.

काल असाच डोळे मिटून बसलो होतो. बायको शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही, म्हणून मी एक डोळा उघडला.

"अहो," ती म्हणाली, "मशीन धाकट्या जाऊबाई नेऊन परवापासून वापरतायत. तुम्ही दंडाला टॉवेल गुंडाळून बसलाय."