‘सिंक दाबा, बाकी सॉफ्टवेअर बघतं’ : हळदीत हे का चालत नाही

लग्नसराई तोंडावर आली की ठाणे-नवी मुंबईतल्या डीजे मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं सार असं: सगळी सॉफ्टवेअरं सारखीच, क्रॅक (चोरीची फुकट प्रत) टाका आणि सिंक (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं बटण) दाबा; स्टेम्समुळे (गाण्यातला आवाज आणि वाद्यं वेगळी काढणारी सोय) कुठल्याही गाण्याचं लाइव्ह रिमिक्स जागेवर होतं; खरे प्रो एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरवरच वाजवतात; हॉलवर सीडीजे (पेनड्राइव्हवरून गाणी वाजवणारे डीजे प्लेयर) असतील तर गाणी पेनड्राइव्हवर कॉपी केली की झालं. एकेक दावा घेऊ.

‘सिंक दाबा.’ सिंक गाणं ऐकत नाही, सॉफ्टवेअरने ॲनालिसिसमध्ये आखलेली बीटग्रिड (ठोक्यांच्या खुणांची जाळी) बघतं. क्लिकवर (मेट्रोनोमच्या एकसारख्या ठोक्यावर) बनलेल्या हाउस ट्रॅकची ग्रिड सरळ येते. घणसोली-कोपरखैरण्याच्या गावठाणातल्या हळदीला मात्र आगरी-कोळी गाणी लागतात, आणि तिथे ग्रिड दोन प्रकारे फसते.

एक म्हणजे ठेका. यातली बरीच गाणी सहा-आठच्या चालीत असतात, म्हणजे एका बीटचे तीन भाग. सॉफ्टवेअर ते दोन-दोनने मोजायला गेलं की बीपीएम (मिनिटाला ठोके) दीडपट येतो. गाणं १००चं, पडद्यावर १५०. दुप्पट-निमपटची बटणं इथे निरुपयोगी, कारण चूक दीडपटीची आहे. सेरातो या डीजे सॉफ्टवेअरमध्ये बीपीएम रेंज ६८–१३५ ठेवून पुन्हा ॲनालिसिस करा. तरी चुकलं तर नाचणाऱ्याचा पाय जिथे पडतो त्या ठोक्यावर टॅप करून बीपीएम बसवा आणि ग्रिडचं तोंड पहिल्या ठोक्यावर आणा. एवढं करूनही वर चार-चारची बीट टाकली तर तिची हायहॅट ठेक्याच्या तीन भागांशी भांडते. त्या बीटच्या चॅनेलचा हाय (वरच्या पट्टीचा आवाज) खाली घ्या, फक्त किक राहू द्या. अर्ध्या-पाव बीटचे रोलही (बारीक तुकडा भराभर परत वाजवणं) याच कारणाने विस्कटतात. लूप दोन किंवा चार बीटचाच धरा.

दुसरी भानगड जुन्या रेकॉर्डिंगची. वादक रंगात आले की लय चढते, आणि सरळ ग्रिड दोन कडव्यांनंतर सुटते. रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये अशा गाण्यांना ॲनालिसिसचा डायनॅमिक मोड लावा. सेरातोत दर आठ बारनंतर (आवर्तनांनंतर) पहिल्या ठोक्यावर नवा मार्कर टाका. ट्रॅक्टर प्रोमध्ये लवचिक ग्रिड चौथ्या आवृत्तीत आली, तिसरीवर असाल तर ही गाणी हातानेच जुळवावी लागतात. म्हणजे ‘सगळी सारखीच’ हा दावा इथेच पडतो. समोर बेंजो पार्टी जिवंत वाजवत असेल तर प्रश्नच मिटला: सिंक बंद, पिच रेंज (वेग कमी-जास्त करण्याची मर्यादा) ±८ टक्के, बोट जॉगवर (फिरत्या चकतीवर). रेंज मोठी ठेवली तर वेगाचा फेडर केसभर हलला तरी लय उडी मारते.

‘क्रॅक टाका.’ नीतिमत्ता राहू द्या, हिशेबातच बसत नाही. अपडेट घेता येत नाही, नवा कंट्रोलर (लॅपटॉपला जोडायचं डीजेचं यंत्र) ओळखला जात नाही, आणि अँटिव्हायरस बंद करून टाकलेली फाइल पैसे घेतलेल्या कार्यक्रमाच्या लॅपटॉपवर बसते. त्यापेक्षा मिक्स (Mixxx) हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. डीडीजे-एफएलएक्स४ सारखा कंट्रोलर जोडला की रेकॉर्डबॉक्सचा परफॉर्मन्स मोड (लॅपटॉपवरून वाजवण्याची सोय) आपोआप फुकट खुला होतो. सेरातो डीजे लाइट फुकट आहे, पण त्यात स्टेम्स नाहीत. व्हर्च्युअल डीजे घरी शिकायला मोफत. धंद्यासाठी आणि कंट्रोलरसाठी परवाना घ्यावा लागतो.

‘स्टेम्सने कुठलंही गाणं.’ स्टेम्स गाण्याचे ठरलेले भाग पाडतात: आवाज, ड्रम, बास आणि उरलेलं. संबळ आणि ढोलकीची घुमारदार थाप कधी ड्रममध्ये, कधी बासमध्ये जाते; सनई कधी गायकाला चिकटून येते. हेडफोनवर आधी ऐकल्याशिवाय ‘फक्त आवाज’ मास्टरवर (स्पीकरकडे) सोडू नका. शिवाय हे गणित प्रोसेसरला जड जातं. सेरातो प्रोमध्ये गाणी स्टेम्स क्रेट या फोल्डरमध्ये टाकून घरीच तयार करून ठेवता येतात, व्हर्च्युअल डीजेतही आधी तयारी करता येते. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (आवाज बाहेर पडण्याआधीचा साठा) सुमारे २.९ मिलिसेकंदांचा, ५१२चा ११.६चा. स्क्रॅचला १२८ बरा, पण स्टेम्स चालू असताना आवाज तडतडला तर ५१२वर जा. चार्जर लावा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड आणि वायफाय बंद करा. तडतडीचं मूळ बहुतेक वेळा यातच सापडतं, आणि लोक उगाच केबल बदलत बसतात.

‘प्रो एबलटनवरच.’ एबलटन लाइव्ह उत्तम आहे, पण काम वेगळं. आपलं ठरलेलं सादरीकरण, लूप, ऑक्टापॅडवरून सुटणारे सॅम्पल यासाठी त्याच्या सेशन व्ह्यूला (तुकडे हवे तेव्हा सोडण्याचा पडदा) तोड नाही. पण प्रत्येक गाणं आधी वॉर्प करून (लय ग्रिडवर बसवून) ठेवावं लागतं, आणि काकांची फर्माईश तेवढा वेळ देत नाही. दोन्ही हवं असेल तर एका लॅपटॉपवर सेरातो, दुसऱ्यावर लाइव्ह, दोन्ही केबलने एकाच नेटवर्कवर आणि मध्ये एबलटन लिंक, म्हणजे दोघांची लय जुळवणारी सोय.

‘पेनड्राइव्हवर कॉपी.’ नुसत्या कॉपीने गाणी जातात, तुमचे हॉट क्यू (गाण्यात थेट उडी मारायच्या खुणा) आणि हाताने सुधारलेली ग्रिड जात नाही. त्यासाठी रेकॉर्डबॉक्समधून एक्सपोर्टच करावं लागतं. सेरातोतून लायब्ररी आणली असेल तर ग्रिड पुन्हा तपासा: एमपी३ वाचण्याच्या पद्धतीतल्या फरकामुळे काही फाइलींची ग्रिड सुमारे २६ मिलिसेकंदांनी सरकते आणि दोन किक वेगवेगळ्या ऐकू येतात. ३२ जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह सहसा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतो. सीडीजे-३००० तो वाचतं, सीडीजे-२००० नेक्सस २ वाचत नाही. घोडबंदर रोडच्या हॉलवर कुठलं मॉडेल आहे ते साउंडवाल्याला आदल्या दिवशी विचारा, ड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटमध्ये करा, आणि तसाच दुसरा भरून खिशात ठेवा.