उशीर व्हायचाच, तर कारण तरी दमदार हवं

मुंबईच्या मुख्य कचेरीत मीटिंग नेहमी सकाळी साडेदहाला असते. कुडाळहून तिथं वेळेवर पोचायचं कसं, याचा विचार मी केव्हाच सोडला. आता एवढंच बघतो, की उशिराचं कुठलं कारण साहेबांपुढे टिकतं.

गाडीचं टिकत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हापासून 'रस्ता खराब होता' हे कारण वापरून वापरून गुळगुळीत झालंय, रस्ता व्हायचाय. त्यात कशेडीचा बोगदा झाला आणि साहेबांना जोर आला. "आता घाट नाही ना?" घाट नाही हो, पण पुढे माणगाव आहे! तिथं आपण अडकलेले असताना एक आजोबा पिशवी हलवत बाजूने पुढे जातात, भाजी घेतात, चहा घेतात आणि परतताना आपल्याला तिथंच बघून हात करतात.

विमानाचं कारण भारदस्त. 'हवामान खराब' म्हटलं की साहेब गंभीर होतात. पण चिपीहून सोयीचं विमान नसलं की मोपा गाठायचं, म्हणजे मुंबईला जायला आधी गोव्यात शिरायचं. रिक्षावाला बॅग बघून डोळा मारतो. "ऑफिसच्या कामाक गोव्याक? मजा आसा तुमची!" तासाभराच्या उड्डाणाला मागेपुढे अर्धा दिवस जमिनीवर जातो, आणि बिल बघून अकाउंट्सच्या मॅडम त्याच डोळ्याने बघतात, फक्त मिचकावत नाहीत.

उरली रेल्वे. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, मीटिंग चार दिवस आधी कळते, तेव्हा तत्काळ. ते मिळालं की वाटतं, जिंकलो. मग क्रॉसिंग. कोकण रेल्वे बरीचशी एकेरी मार्गाची, त्यामुळे समोरून येणाऱ्याला वाट देत कुठल्यातरी स्टेशनात उभं राहणं आलंच. मागे एकदा पहाटे करंजाडीला असेच थांबलो होतो. गाडीत पेंग, बाहेर बेडूक. एवढ्यात समोरून आली रो-रो. कोलाड ते वेर्णा मालाने भरलेले ट्रक वॅगनवर चढवून नेण्याची ही सोय १९९९पासून आहे, हे मला पाठ होतं. ट्रक जाताना मात्र पहिल्यांदाच बघत होतो. एकामागून एक ट्रक, डुलत. एका केबिनमध्ये ड्रायव्हर लुंगीवर, पाय स्टिअरिंगवर, हातात चहाचा ग्लास. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ग्लास किंचित वर केला.

मी लगेच साहेबांना मेसेज टाकला, 'उशीर होईल. ट्रकना वाट देतोय.'

उत्तर अकाउंट्सच्या मॅडमकडून आलं. 'गाडीने येताय? मग रेल्वेचं तत्काळ तिकीट कोणाचं लावलंय?'