'हो' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं

महाराष्ट्रात सुखाने राहायचं असेल, तर समोरचा 'हो' म्हणाला म्हणजे तो कबूल झाला, हा समज आधी सोडून द्या. 'हो'चा अर्थ इतकाच की तुमचं बोलणं कानावर आलं, आता आवरा. 'चालता हो' म्हणून माणसाला हाकलतानाही आपण हाच 'हो' वापरतो. त्याच्यावर कसला भरवसा ठेवताय?

तरीही ऐकायची सवय करून घ्या. एकदा 'हो' म्हणजे आशेला थोडी जागा आहे. 'हो हो' म्हणजे नाही. 'हो हो हो' म्हणजे तुम्ही काय म्हणालात ते ऐकलेलंच नाही. 'हो का?' म्हणजे तुमची थाप पकडली गेली आहे. 'हो ना!' म्हणजे तिसऱ्या कुणाची तरी निंदा रंगात आली आहे, थांबू नका. आतल्या खोलीतून येणाऱ्या लांबलचक 'होऽऽ'चा उठण्याशी काहीही संबंध नसतो. नागपुरात याचं 'हाव' होतं, कोल्हापुरात 'व्हय की' होतं. हमी कुठेच मिळत नाही.

लग्नसराईत शिंप्याला 'मंगळवारी नक्की ना?' असं विचारून पाहा. तोंडातल्या टाचण्या न काढता तो 'हो' म्हणेल. मंगळवारी गेलात की, 'हो ताई, झालाच आहे, फक्त हूक लावायचे राहिलेत.' भाबडी माणसं इथे 'मग दाखवा बघू' म्हणतात. म्हणू नका. कापड अजून तुम्ही दिलेल्या पिशवीतच आहे, तुम्ही मारलेल्या गाठीसकट.

त्याला दोष देऊ नका, आपल्याला वळणच तसं लागलंय. पूजेला बसलं की गुरुजी संस्कृतातून संकल्प सांगतात आणि 'मम म्हणा' म्हणतात. कशाला रुकार दिला ते कळायच्या आत पळीभर पाणी ताम्हनात गेलेलं असतं. कोकणातलं गाऱ्हाणं तर ऐकण्यासारखं. गावकार देवापुढे एकेक मागणं मांडतो, आणि प्रत्येक मागण्याला मंडळी 'व्हय महाराजा' म्हणतात. नीट पाहा, काम सगळं देवाने करायचं आणि 'व्हय' तेवढं आपण म्हणायचं. इतकी सोयीची वाटणी वकिलालाही सुचली नसती.

सरकारी कचेरीतला 'हो, होऊन जाईल' हा याच घराण्यातला. कोण करणार, कधी करणार, याचा वाक्यात पत्ताच नाही. त्याला मुदत चिकटवायला राज्याला २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा करावा लागला.

पण खरा कस लागतो तो हाउसिंग सोसायटीत. तुम्ही सेक्रेटरी असाल आणि इमारत पुनर्विकासाला द्यायची असेल, तर जिन्यात भेटणारा प्रत्येक जण 'हो हो, करूनच टाकू' म्हणेल. त्या भरवशावर खुर्च्या भाड्याने आणू नका. नेहमीच्या वार्षिक सभेला निदान अर्ध्या तासाच्या तहकुबीची सोय असते. माणसं जमली नाहीत तर थोडं थांबायचं आणि आलेत तेवढ्यांत उरकायचं. पुनर्विकासाला मात्र ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते, आणि सभेचं चित्रीकरणही करावं लागतं. निर्णय लिहिणारा अधिकारी कुठल्या तरी सोसायटीतच राहत असणार! जिन्यातला 'हो' त्याने पुरेपूर ओळखला होता.

तुम्ही साधे सभासद असाल तर काम आणखी सोपं. बिल्डरवाल्या गटाला 'हो' म्हणा, विरोधकांनाही 'हो' म्हणा, तळमजल्यावरच्या आजोबांना तर हात हातात घेऊन 'हो' म्हणा. सभेच्या दिवशी तुमच्या गावी पूजा असते. नंतर कुणी जाब विचारलाच तर 'अहो, मी तर कधीच हो म्हटलं होतं' एवढं पुरतं, आणि ते खोटंही नसतं.

घरात 'हो, जा ना, मी कुठे नाही म्हटलं?' असं ऐकू आलं तर चपला काढून ठेवा. यावर अधिक लिहीत नाही.

मग खरा होकार मिळतो तरी कुठे? तो 'नको'त सापडतो. पंगतीत जिलबी फिरताना 'नको नको, अहो पुरे, खूप झालं' म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे वाढप्याने पाहूच नये, हाताकडे पाहावं. हात पानावर आडवा आला असेल तर गृहस्थाला मधुमेह आहे, पुढे व्हावं. हात नुसताच हवेत हलत असेल तर दोन वाढाव्यात, आणि परत फिरताना तिसरी.